हातोडा आणि कोहळा : सुपरहिरोंच्या चित्रपटांतून पुराणकथा शिकवणारा राजारामपुरीतील वर्ग

गेल्या मे महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दहा दिवसांचा उन्हाळी वर्ग भरला होता. सुपरहिरोंच्या चित्रपटांच्या आधारे तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना देशोदेशीच्या दैवतकथा आणि आपल्या पुराणकथा शिकवल्या जातील, असे त्याच्या पत्रकात छापले होते. माझी मुलगी नुकतीच आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि सुट्टीचा निम्मा वेळ तरी ती मोबाइलवर हेच चित्रपट पाहणार, हे मला ठाऊक होते. तेव्हा पाहणारच आहे तर त्यातून काही पदरात पडो, एवढ्याच हिशेबाने मी २,८०० रुपये भरले. दहा दिवसांपैकी चार दिवस पालकांना मागच्या बाकावर बसू दिले गेले आणि ते चारही दिवस मी बसले. उरलेल्या सहा दिवसांबद्दल मी जे लिहीत आहे, ते मुलीच्या वहीवरून आणि रात्री जेवताना तिने आजीला सांगितलेल्या वर्णनावरून. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण ही त्यांची पहिलीच तुकडी होती आणि माझ्या तक्रारी मी चालकांना समक्ष सांगितल्या आहेत. ज्यांना मुलांना पाठवायचे आहे, त्यांना राजारामपुरीत दोन ठिकाणी विचारले तरी पत्ता लागेल.

वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, मुले चोवीस. शिकवणारे सर पस्तिशीचे असावेत, आणि प्रोजेक्टर सांभाळायला कला शाखेत शिकणारी एक ताई होती. रोजचा क्रम असा होता की, आधी एखाद्या चित्रपटातला चार ते सहा मिनिटांचा तुकडा दाखवायचा, मग त्यामागची जुनी गोष्ट सरांनी तोंडी सांगायची आणि शेवटी मुलांनी प्रश्न विचारायचे. पूर्ण चित्रपट एकही दाखवला नाही आणि ते योग्यच झाले. तुकडे हिंदीत डब केलेले होते, त्यामुळे देवांची नावे हिंदी उच्चारांत, सरांच्या तोंडी मराठी उच्चारांत आणि पुस्तिकेत तिसऱ्याच लेखनात, असा गोंधळ दोन-तीन दिवस चालला. मुलांना त्याचे फारसे काही वाटले नाही, मला मात्र तो खटकत राहिला.

पहिला दिवस थॉरचा होता. मुलांना तो पिवळ्या केसांचा, दाढी कोरलेला नट म्हणूनच माहीत. जुन्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, कथांमधला थॉर मात्र तांबड्या दाढीचा, रागीट आणि प्रचंड खादाड देव आहे, आणि त्याचा रथ दोन बोकड ओढतात, हे ऐकल्याबरोबर वर्ग खुलला. या कथा आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या ग्रंथांमुळे. स्नॉरी स्टुर्लुसन या विद्वानाने १२२० च्या सुमारास त्यांतल्या बऱ्याच कथा गद्यात मांडल्या, आणि तोपर्यंत तो देश ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षे उलटली होती. ज्या देवांची पूजा थांबली, त्यांच्याच कथा कोणीतरी कवितेच्या ओढीने जपून ठेवल्या, हे सरांनी दोन वाक्यांत सांगितले आणि ते पुढे गेले. माझ्या मते तेथे थोडे थांबायला हवे होते.

मग त्यांनी हातोड्याची गोष्ट घेतली. चित्रपटात थॉरचा हातोडा फक्त लायक माणसालाच उचलता येतो आणि बाकीच्यांनी कितीही जोर लावला तरी तो जागचा हलत नाही. सरांनी तो तुकडा दाखवला आणि लगेच जुनी कथा सांगितली. थ्रिम नावाच्या राक्षसाने थॉर झोपलेला असताना हातोडा पळवून जमिनीत खोल पुरून ठेवला आणि फ्रेया ही देवी बायको म्हणून मिळाली तरच तो परत देईन, अशी अट घातली. फ्रेया काही तयार होईना. तेव्हा देवांनी थॉरलाच नवरीचा वेष चढवला, तोंडावर बुरखा घातला आणि लोकी या कळलाव्या देवाला करवली बनवून राक्षसाच्या घरी धाडले. मेजवानीला नवरीने एक अख्खा बैल आणि आठ मासे फस्त केले आणि वर मद्याची तीन पिंपे रिचवली. राक्षस चपापला, तर करवली म्हणते, बिचारी लग्नाच्या ओढीने आठ रात्री उपाशी आहे! शेवटी लग्नविधीसाठी हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवला गेला आणि पुढे काय झाले असेल, ते सांगायची गरज उरली नाही. मुले हसून लोळत असतानाच पहिल्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "पण सर, लायक माणसालाच उचलता येतोय तर मग चोरानं नेलाच कसा?"

या वर्गाचा सगळा जीव अशा प्रश्नांत होता, असे मला आज वाटते. सरांनी उत्तर दिले की, लायकीची अट जुन्या कथेत नाहीच. ती १९६२ मध्ये अमेरिकेत थॉरचे कॉमिक निघाले तेव्हा घातली गेली. जुन्या कथेतला हातोडा हे एक उत्तम हत्यार आहे आणि हत्यार म्हटले की ते चोरीलाही जाते. एवढेच नव्हे, तर तो घडवत असताना लोकीने माशीचे रूप घेऊन भाता चालवणाऱ्या बुटक्याला डंख केला, म्हणून त्याचा दांडा आखूड राहिला, असा उघड दोषही कथेने त्याला चिकटवून ठेवला आहे. नव्या काळाला मात्र शस्त्र चारित्र्याची परीक्षा घेणारे हवे झाले. म्हणजे चित्रपटात जे बदलले, ते का बदलले असेल, हे मुलांनी शोधायचे. साम्य दाखवणे सोपे असते आणि ते कोणीही दाखवते. फरकावर बोट ठेवून त्याचे कारण विचारणे ही शिकवण्याची खरी कसोटी, आणि पहिल्या दिवशी सर तिला पूर्ण उतरले.

याच ठिकाणी माझी पहिली तक्रारही आहे. नवरीच्या वेषातल्या थॉरची गोष्ट संपत आली, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट सुरू झाली होती आणि सरांच्या तोंडून ती आता येईल, मग येईल, म्हणून मी वाट पाहत राहिले. विराटपर्वात सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीच्या मागे कीचक लागतो, ती त्याला रात्री नृत्यशाळेत बोलावते आणि अंधारात तिच्या जागी भीम पडून असतो. कीर्तनकार आणि दशावतारी मंडळी तर त्या भीमाला सरळ लुगडेच नेसवतात. कोल्हापुरात बसून ही कथा न आठवणे म्हणजे कमाल झाली. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, तो याच कथेवर. त्याआधी १९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना त्यातल्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. पुढे १९२९ मध्ये प्रभात कंपनी निघाली तीही कोल्हापुरातच, तिचा पहिला मूकपट 'गोपालकृष्ण', आणि १९३२ चा तिचा पहिला बोलपट हरिश्चंद्राच्या कथेवरचा. पडद्यावरून पुराणे सांगण्याचा उद्योग ज्या गावाने शंभर वर्षांपूर्वी केला, तेथे हा वर्ग जणू काही तरी परदेशी, अगदी नवी कल्पना असल्यासारखा चालवला गेला. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ या वर्गापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. मी हे सरांना सांगितले, तेव्हा त्यांनी प्रांजळपणे वही काढून लिहून घेतले, हेही नमूद करते.

तिसऱ्या दिवशी सुपरमॅन होता आणि तो दिवस माझ्या दृष्टीने दहाही दिवसांत सर्वांत सरस ठरला. नाश पावत असलेल्या ग्रहावरून आईवडील तान्ह्या मुलाला यानात ठेवून पाठवून देतात, हा तुकडा दाखवला गेला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या दोन तरुणांचा हा नायक १९३८ मध्ये कॉमिकमधून पहिल्यांदा लोकांसमोर आला. तेव्हा पेटाऱ्यात घालून नाईल नदीत ठेवलेल्या मोझेसची कथा त्यांच्या घरातलीच, हे ओघाने आले. त्यानंतर सरांनी फळ्यावर चार नावे लिहिली: प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कदचा राजा सारगॉन, मोझेस, कृष्ण आणि कर्ण. चौघेही तान्हेपणी नदीच्या हवाली झालेले किंवा नदी ओलांडून परक्या घरी गेलेले. सारगॉन डांबराने लिंपलेल्या वेताच्या टोपलीत, कृष्ण वसुदेवाच्या डोक्यावरच्या टोपलीत, तर कर्ण मेणाने सांधे बुजवलेल्या पेटीत, अश्वनदीतून चर्मण्वती, तेथून यमुना, मग गंगा असा वाहत चंपानगरीपर्यंत गेला आणि अधिरथ सूताच्या हाती लागला.

येथपर्यंत साम्य होते, आणि दुसरा कोणी असता तर "पाहा, साऱ्या जगाच्या कथा एकच" असे म्हणून त्याने डबा बंद केला असता. सरांनी मात्र विचारले, की पेटी पाण्यात सोडणाऱ्याच्या मनात काय होते, ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. सुपरमॅनच्या आईवडिलांना मूल जगवायचे होते. मोझेसच्या आईला फॅरोच्या हुकमापासून, तर वसुदेवाला कंसापासून मूल वाचवायचे होते. कर्णाच्या रकान्यापाशी वर्ग अडखळला. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "कर्णाला वाचवायचं नव्हतं सर, लपवायचं होतं." त्यानंतर अर्धा तास मुले कुंतीवर बोलत होती. तिचे वय काय असेल, तिने कोणाला सांगायला हवे होते, तिला कोणी विचारले असते का, सूर्याला जबाबदार का धरत नाहीत, असे प्रश्न आले. पंधरा वर्षांच्या मुलांना महाभारताबद्दल इतक्या पोटतिडकीने भांडताना मी पूर्वी पाहिले नव्हते. सुपरमॅन तर केव्हाच बाजूला पडला होता. चित्रपटाचा उपयोग असाच व्हावा, दारापर्यंत सोडायला यावे आणि आपण मागे फिरावे.

पाचव्या दिवसाबद्दल मुलीने वहीची चार पाने भरली आहेत. हल्ली या चित्रपटांत एकाच नायकाची अनेक विश्वांतली अनेक रूपे दाखवतात, त्याला मुले मल्टिव्हर्स म्हणतात. सरांनी त्या कल्पनेचा आधार घेऊन पाठभेद समजावला. एकाच कथेची अनेक रूपे एकाच वेळी नांदू शकतात, ही गोष्ट या मुलांना आपल्या पिढीपेक्षा सहज पटते, हे त्यांचे निरीक्षण मला फार मार्मिक वाटले. त्याला जोडून त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेची हकिकत सांगितली. तेथे १९१९ पासून १९६६ पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, १,२५९ हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली गेली. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही आपण बालपणापासून ऐकलेली गोष्ट त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही, ती परिशिष्टात गेली. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्यही त्या संहितेत नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाही. घरी येऊन मुलीने हे सांगितले, तेव्हा सासूबाईंनी जेवण थांबवून "मग आम्ही इतकी वर्षं काय खोटं ऐकलं?" असे विचारले. त्यावर तिने जे उत्तर दिले, ते सरांचेच असावे: खोटे नव्हे आजी, नंतरचे. मला या उत्तराबद्दल वर्गाचे शुल्क वसूल झाल्यासारखे वाटले.

त्याच दिवशी एका मुलाने गणित मांडले, तेही येथे लिहिण्याजोगे आहे. २०२४ मध्ये आलेल्या 'कल्की २८९८ एडी' या तेलुगू चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी रंगवलेला अश्वत्थामा हजारो वर्षांनंतरही जिवंत आहे. सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा. परंपरेनुसार कलियुग सुरू झाले इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये, आणि युद्ध त्याच्या थोडे आधी. तेव्हा शापाची मुदत इसवी सन सुरू होण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीच संपली, मग कपाळावरची जखम घेऊन तो अजून तेल का मागत हिंडतो? सरांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. चिरंजीवांच्या श्लोकात अश्वत्थाम्याचे नाव पहिलेच आहे आणि शापाची मुदत मात्र ठरलेली आहे, या दोन परंपरा एकमेकींना न विचारता शेजारी-शेजारी राहतात, एवढे सांगून त्यांनी तो प्रश्न मुलांकडेच ठेवला. तेल मागणारा अश्वत्थामा तर पुन्हा तिसऱ्याच, लोकांच्या परंपरेतला.

आता घसरणीकडे येते. सहावा आणि सातवा दिवस पत्त्यांना दिला गेला. क्रिकेटपटूंची चित्रे असलेले पत्ते आपण लहानपणी खेळत असू, तशाच धर्तीवर देव, दानव आणि सुपरहिरो यांचे पत्ते छापून घेतले होते आणि प्रत्येकावर बळ, वेग, बुद्धी व शस्त्रे यांना शंभरपैकी गुण दिले होते. हनुमानाला बळाचे अठ्ठ्याण्णव, हल्कला पंच्याण्णव. मुलांनी दोन दिवस ते पत्ते जीव तोडून खेळले, आरडाओरडा झाला, आणि चालकांना ते दोन दिवस सर्वांत यशस्वी वाटले, असे नंतरच्या बोलण्यावरून कळले. माझे मत याच्या अगदी उलट आहे. हनुमानाचा अपमान झाला वगैरे माझे म्हणणे नाही, तो एवढ्या-तेवढ्याने लहान होणारा नव्हे. माझे म्हणणे असे की, आपल्या कथांमध्ये बळ हा आकडा नसतोच. हनुमानाला स्वतःचे बळ ठाऊक नाही. ऋषींच्या शापाने त्याला त्याचा विसर पडला आहे आणि समुद्रकाठी जांबवंत आठवण करून देतो तेव्हाच ते जागे होते. मग अठ्ठ्याण्णव गुण जांबवंताच्या आधीचे की नंतरचे? कर्ण कवचकुंडले अंगावरून सोलून इंद्राला देतो आणि नेमका त्या क्षणी मोठा होतो, तेव्हा त्याच्या पत्त्यावरचा आकडा चढायचा की उतरायचा? हिरण्यकशिपूचे बळ वरातून आलेले आणि मरण त्या वराच्या शब्दांतल्या फटीतून आलेले. बळ कमावले जाते, उसने मिळते, विसरले जाते, दान होते, शापाने ऐन वेळी निसटते, आणि कथा त्या ये-जा करण्यात आहे. सुपरहिरोंच्या चित्रपटांत शक्ती बहुधा एकदा चिकटली की चिकटली. हाच तर सर्वांत मोठा फरक होता आणि त्यावर दोन दिवस बोलता आले असते. पत्त्यांनी तोच पुसून टाकला.

असाच घाईचा प्रकार लोकीच्या बाबतीत झाला. पुस्तिकेत "लोकी म्हणजे नॉर्स लोकांचा नारद" असे ठोकून दिले आहे. कळ लावणे एवढाच धागा घेतला तर ते वरवर पटते. पण नारदाच्या कळीतून शेवटी कोणाचे तरी कल्याण होते आणि तोंडी नारायणाचे नाव असते, तर लोकी आंधळ्या होडच्या हाती झाडांवर वाढणाऱ्या, अमरवेलीसारख्या एका झुडपाचा बाण देऊन निष्पाप बाल्डर या देवाचा जीव घेतो आणि जगबुडीच्या लढाईत देवांच्या विरुद्ध उभा राहतो. शिवाय लोकी हा थॉरचा मानलेला भाऊ, ही चित्रपटांची सोय आहे. जुन्या कथांत त्याची रक्ताची आण आहे ती थॉरचा बाप आणि देवांचा राजा ओडिन याच्याशी, आणि मृत्यूची राणी हेल ही त्याची मुलगी. पडद्यावर मात्र ती ओडिनची मुलगी झाली आहे. हे सगळे पहिल्या दिवशीच्या सरांना सहज सांगता आले असते, पण आठव्या दिवशी वेळ पुरला नाही. वंडर वुमनचेही तसेच झाले. मूळ कॉमिकमध्ये आई तिला मातीतून घडवते, २०१७ च्या चित्रपटात ती झ्यूसची मुलगी होते, आणि आईने एकटीने घडवलेले मूल म्हटल्यावर ज्या शहरात दरवर्षी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती रंगतात, तेथील मुलांना पार्वतीच्या अंगच्या मळाची आठवण करून द्यायला फार श्रम पडले नसते. तो विषय वीस मिनिटांत उरकला.

पुस्तिका बत्तीस पानांची, झेरॉक्स केलेली आणि शुल्कात धरलेली आहे. तिच्याबद्दल चांगले लिहिणे अवघड आहे. ग्रीक देवांच्या वंशावळीत झ्यूसखाली हर्क्युलिस असे रोमन नाव, त्याच पानावर पुढे हेराक्लीस हे ग्रीक नाव, आणि दोघे जणू भाऊ! चित्रपटांतल्या थॅनोस या खलनायकाचे नाव ग्रीकांच्या थॅनॅटोस या मृत्युदेवतेवरून आले, ही उपयोगी माहिती एका कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरांत आहे की ती मला चष्मा पुसून वाचावी लागली. महाभारत, रामायण, पुराणे आणि परदेशी दैवतकथा या सर्वांना सरसकट मायथॉलॉजी म्हटले आहे. परंपरा महाभारताला इतिहास म्हणते, पुराणांची पाच लक्षणे वेगळी सांगते, आणि मिथक हा आपल्याकडे अलीकडे रुळलेला शब्द आहे, एवढी तीन वाक्ये पहिल्या पानावर असती, तरी मुलांच्या डोक्यात शब्दांची गल्लत झाली नसती.

सर्वांत मोठी उणीव मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. दहा दिवसांत नॉर्स, ग्रीक, इजिप्शियन देव येऊन गेले, महाभारत आले, पण अंबाबाई आली नाही, ज्योतिबा आला नाही. मी विचारले तेव्हा चालक म्हणाले, "वाद नको, ताई. थॉरवर पोरं हसली तर कोण विचारायला येत नाही." त्यांची भीती मला समजते. ज्या देवांच्या मूर्तीपुढे आज दिवा लागत नाही, त्यांच्या कथा हसत सांगता येतात, आणि जिची पालखी आजही निघते, तिची कथा सांगताना जीभ जपावी लागते. हा भेद सरांनी पहिल्या दिवशी वर्गातही नीट सांगितला होता आणि एका पालकांनी घेतलेला आक्षेप त्याच आधारे शांतपणे सोडवला होता. पण जपून सांगणे वेगळे आणि टाळणे वेगळे. टाळल्यामुळे मुलांचा असा समज होऊ लागला होता की, दैवतकथा या कुठेतरी बर्फाळ प्रदेशात घडतात.

तो समज मोडला तो नवव्या दिवशी, आणि त्याचे श्रेय एका मुलीला आहे. "घरून एक गोष्ट विचारून या" असा गृहपाठ होता. तिने टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोलीची गोष्ट आणली. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले, त्र्यंबोलीने त्याला मारून देवांना सोडवले, आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलावायचे राहून गेले, तेव्हा ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली, म्हणून ललिता पंचमीला पालखी टेकडीवर जाते आणि कुमारिकेच्या हातून त्रिशुळाने कोहळा फोडला जातो. हे सांगून होते न होते, तोच दुसरा मुलगा म्हणाला, की त्याच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे कोहळा रुसव्यासाठी नसून कोल्हासुरासाठी आहे. मरताना त्याने देवीकडे मागणे मागितले की, या क्षेत्राला माझे नाव राहावे आणि वर्षातून एकदा माझ्या नावाने कोहळ्याचा बळी पडावा. पहिली मुलगी म्हणाली, की तिच्या घरी सांगतात, कोल्हासुराला कसे मारलेस ते दाखव, असा हट्ट त्र्यंबोलीने धरला, म्हणून देवीने कोहळा फोडून दाखवला. पाचव्या दिवशीचा पाठभेद आता मुलांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून आला होता.

त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. सरांनी क्षणभर चालकांकडे पाहिले, मग वाद होण्याची भीती बाजूला ठेवून त्यांनी विचारले, की परवा आपण पडद्यावर थॅनोसची राख होताना पाहिली, मरताना त्याला कोणी काय हवे ते विचारले का? मुले गप्प झाली. आपण ज्या शहराचे नाव शाळेच्या प्रत्येक वहीवर लिहितो, ते देवीने मारलेल्या असुराच्या अखेरच्या मागण्यावरून पडले, असे ही कथा सांगते. त्याला मारलेही आणि त्याचे मागणेही पुरवले, शत्रूच्या नावाने गाव वसू दिले आणि दरवर्षी त्याची आठवण म्हणून हजारो लोक कोहळ्याच्या फोडीसाठी झुंबड करतात. यावर सर फार बोलले नाहीत, कारण साडेसात वाजून गेले होते आणि खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते.

उपयोगाच्या चार गोष्टी सांगून थांबते. दिवाळीच्या सुट्टीत दुसरी तुकडी निघणार आहे आणि पत्ते आता फक्त मधल्या सुट्टीत खेळायला देणार, असे मला सांगण्यात आले. पुस्तिका नव्याने छापणार का, याला मात्र "बघू" असे उत्तर मिळाले. आठवी ते दहावीच्या मुलांना अवश्य पाठवावे, कारण त्याहून लहान मुले नुसते तुकडे पाहून खूश होतात आणि प्रश्नांच्या वेळी चुळबुळ करतात, हे मी सातवीतल्या दोघांवरून पाहिले. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांचे काही अडत नाही. पालकांना बसू देतात त्या दिवशी आजीला किंवा आजोबांना पाठवावे, त्यांचा उपयोग आपल्यापेक्षा जास्त होतो. सभागृहात पंखे दोनच असून खिडकीकडची रांग आधी भरते, तेव्हा मुलांना दहा मिनिटे लवकर सोडावे. गाडी लावायला इमारतीखाली जागा नाही. आणि नाव नोंदवताना चालकांना एवढे जरूर विचारावे, की या वेळी टेंबलाई कितव्या दिवशी आहे.